चाचणीचा पासवर्ड

५ मार्च

नाही गं, बंद नाही पडलं. चालू आहे. कपाटावर, ह्यांच्या फोटोशेजारी, तू ठेवलंस तिथंच. दिवसभर घुरघुरत असतं. हेसुद्धा तेच करायचे, त्यामुळे मला तेवढीच सोबत.

सात महिन्यांनी तुझं कार्ड आलं आणि त्यावर काय, तर "मशीन चालू आहे का?" खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमनचं माझ्याआधी वाचून झालं होतं. मला म्हणाला, मावशी, शिवणाचं मशीन का? म्हटलं, नाही, चहाड्यांचं.

तुला हसू आलं नसेल. नसू दे. मी आपली लिहिते.

किती गंमत बघ. गप्पा मारायचं अख्खं यंत्र माझ्या घरात, आणि माझ्या सख्ख्या जावेशी बोलायचं तर मला तिकीट चिकटवावं लागतंय. कारण माझा फोन तू उचलत नाहीस आणि तुझं खातं बंद आहे. कुणी बंद केलं ते तुला माहीत आहे, तू समोरच उभी होतीस.

लाँड्रीत सगळं तसंच. हॉस्पिटलच्या चादरी काही संपत नाहीत. माणसं बरी होऊन घरी जातात, चादरी परत येतात. तुझ्या जागी घडीला आता माझ्यासमोर उंच बाई असते. तिचं टोक आभाळात, माझं जमिनीवर, मधे चादरीची घसरगुंडी. तुझ्याबरोबर कसं होतं, तू दोन पावलं पुढं, मी दोन पावलं पुढं, टोकाला टोक, आणि तोंडानं गप्पा चालूच. आता मी सारखी खाली बघत असते. उंच बाई म्हणते, काय हरवलंय तुझं? मी म्हणते, उंची.

परवा एक नवीन बाई लागली. फोनवर आपलं गप्पांचं पान उघडून दिलं तर म्हणाली, सगळं जग तयार ॲपवर बोलतं, तुम्हाला हे वेगळं खूळ कशाला? मग मी तिला बसवून सांगितलं. म्हटलं, आधी आमचाही तसाच ग्रुप होता, पण त्यात मुकादम होता. इथं कुणी हूं केलं की त्याला कळायचं. मग आमच्यातल्या एकीनं शोधून काढलं की असं पान फुकट मिळतं. ते कसं बनवलंय ते कुणीही वाचून बघावं, आपल्या मशीनवर बसवावं, मालक आपणच. कृती सगळ्यांना दिसते, पण चूल आपल्या घरात. तिनं ह्यांचा जुना कॉम्प्युटर झाडला, पुसला, तीन दिवस खपली, आणि आम्हा सहा जणींचं घर उभं केलं. खोल्या केल्या. एक कामाची, एक सगळ्यांची, एक नुसती टवाळीची. दारावर काय लिहायचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "आत या. मुकादम सोडून." तेच तिनं घातलं. अजून आहे.

नवीन बाई म्हणाली, भारी आहे की. कुणी बसवलं?

मी म्हटलं, होती एक.

तेवढंच म्हटलं गं. हे तुला लिहायची गरज नव्हती, पण लिहून टाकलं.

मशीन चालू आहे. तुझं खातं बंद आहे, पण पुसलेलं नाही. तब्येतीला जप. भावोजींना सांग, त्यांची थोरली वहिनी अजून तशीच चावट आहे.


१९ मार्च

आता कळलं मशीनची चौकशी कशासाठी ते. तुझं दुसरं कार्ड चार ओळींचं आलं म्हणजे तुझ्या मानानं ग्रंथच.

तिकडच्या हॉटेलच्या लाँड्रीत तुला घेणार होते. त्यांच्या मॅनेजरनं जुन्या जागी चौकशी केली, फोन उंच बाईनं घेतला, आणि ती म्हणाली, घेऊ नका, घरातलं बाहेर नेणारी आहे. दहा एप्रिलपर्यंत जागा तुझ्यासाठी धरून ठेवलीय, त्याआधी इथल्या कुणी चांगला शब्द दिला तर. आणि तू विचारतेस, मशीनमध्ये नोंद असते, ती कुणी बघितली का.

उंच बाईनं असा फोन घेतल्याचं मला माहीत नव्हतं. हे खरं आहे. बाकीचं काय काय खरं आहे ते मी सावकाश सांगते, मला जरा दम घेऊ दे.

मधे आपलं पान दोन दिवस बंद होतं. नवीन आवृत्ती आली होती. तू मशीनचं सगळं लिहून ठेवलेली वही उघडली, इंग्रजी अक्षरं चित्रं काढल्यासारखी एकेक काढली, तीन ओळी मारल्या, झालं. मग म्हटलं, आलोच आहोत तर दारावरची पाटी पण बदलू. ती बदलताना कुठलं तरी अवतरणचिन्ह खाल्लं आणि पान पांढरं फटक. दोन दिवस बायका माझ्याकडं अशा बघत होत्या जसं मी त्यांच्या घराला कुलूप लावून किल्ली गिळलीय. शेवटी मीच शोधलं, मीच घातलं. गावच्या शाळेत मास्तर शुद्धलेखनाला पाटी फेकायचे, त्याचा उपयोग साठीला आला.

पाटी काय बदलत होते विचारशील. "मुकादम सोडून" एवढं काढत होते. नाही काढलं शेवटी.

तुला तो सोमवार आठवतो तसा मलाही आठवतो. पण माझ्या बाजूनं कसा होता ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

इस्त्रीच्या तापत्या रोलरवरची, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी मुकादमानं काढून ठेवली होती, काम भरभर व्हावं म्हणून. आपल्यातल्या चष्मेवालीचा हात आत गेला. दोन बोटं. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत भाजली आणि त्याच हॉस्पिटलात रांगेत बसली. शुक्रवारी उंच बाईनं सगळ्यांच्या खोलीत लिहिलं, सोमवारी रोलर चालू करायचा नाही, आधी जाळी मग चादर. आणि सोमवारी आपण गेलो तर मुकादम दारात, मागं ठेकेदारानं पाठवलेल्या चार बायका एप्रन बांधून तयार. म्हणाला, आधी जाळी मग चादर, असंच ना? उंच बाईचेच शब्द. तिचा चेहरा मी बघितला. कुणी कानफटात मारली असती तरी इतका पडला नसता.

त्या दुपारी सगळ्या माझ्या खोलीत बसलो. उंच बाईनं फोन काढला. आपल्या पानावर निरोप कुणी कुणी वाचला त्यांचे बारीक गोल खाली उमटतात, प्रत्येकीचं पहिलं अक्षर घेऊन. तिनं बोटानं मोजले. आपण सहा. गोल सात. सातव्यात "चा".

चाचणी. तू मशीन बसवताना खोल्या चालतात का बघायला काढलेलं तुझं खातं, सगळ्या खोल्यांत असलेलं. सगळ्यांना माहीत होतं ते तुझं आहे. तू म्हणालीस, मी ते महिनाभर उघडलेलं नाही. तिथंच उघडून दाखवायला गेलीस तर उघडेना. तू म्हणालीस, कुणीतरी पासवर्ड बदललाय. कुणी विश्वास ठेवला नाही. उंच बाईनं मला विचारलं, मशीन तुझ्या घरात आहे, दुसऱ्याचा पासवर्ड कुणाला बदलता येतो का?

आणि मी म्हणाले, मला बाई त्यातलं काय कळतंय, मी सातवी शिकलेली.

सगळ्यांना ते पटलं. माझं सातवीपण आयुष्यात पहिल्यांदा एवढं कामाला आलं.

मग ठरलं, तुझं खातं बंद करायचं. त्या वेळी मात्र सगळ्या माझ्याकडंच बघायला लागल्या, आणि मला बटण बरोबर सापडलं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं. तू दारात उभी होतीस आणि माझ्या हाताकडं बघत होतीस.

तू निर्दोष आहेस हे मला मनातून ठाऊक होतं. एवढं आज लिहिलं. पुढचं हाताला येत नाही.


३० मार्च

"वहीचं नववं पान वाच."

एवढंच लिहितेस. तुला तार खात्यात नोकरी द्यायला हवी होती.

वाचलं. तुझं अक्षर, निळी शाई, खाली दोन रेघा. "दुसऱ्याचा पासवर्ड बदलणं. हे फक्त तुझ्या खात्यातून होतं, थोरले, कारण मशीन तुझ्या घरात आहे. माझ्याकडं ही चावी नको, उद्या कुणी म्हणायला नको. जपून."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दुपारी माझ्या खोलीत उभी राहून तू हे पान उघडलं असतंस तर संपलं असतं. वही तुझ्यापासून हातभर अंतरावर होती, खिडकीत. मी तिच्याकडं बघत होते आणि तू माझ्याकडं. मला तेव्हा वाटलं, ही विसरली. आता कळतंय, तू थांबली होतीस. मी आपणहून बोलते का बघायला.

सात महिने थांबलीस.

तर घे. चाचणीचा पासवर्ड मी बदलला. वही समोर ठेवून, चहा पीत, पाच मिनिटांत. आणि मुकादमाला दिला.

का ते सांगते. तुला माहीत आहे मी टवाळीच्या खोलीत काय काय लिहायची. "मुकादम दिसले, घड्याळ घाबरलं, सव्वापाचलाच सहा वाजून बसलं." तुम्ही सगळ्या हसायचात, पण ज्याच्यावर लिहिलं त्यालाच ठाऊक नाही, त्यात काय मजा? मी त्याला गाडी भरायच्या दारापाशी तोंडावर चिडवायची हेही तुला माहीत आहे. तो हसताना आवाज करत नाही, नुसते खांदे हलतात. एक दिवस म्हणाला, ऐकतो मी, तुम्ही माझ्यावर कवनं करता, मलाही दाखवा की. मागेच लागला. मी म्हटलं, बघू दे बिचाऱ्याला, टवाळीची खोली तर आहे. नवीन खातं काढायचं म्हणजे बायकांना दिसलं असतं. चाचणी पडूनच होतं.

ते सगळ्या खोल्यांत आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. यावर विश्वास ठेव किंवा नको ठेवूस. मला वाटलं, मी त्याला ओसरीवर बसवलंय. तो आतल्या खोलीपर्यंत गेला.

सोमवारी सकाळी त्याच्या तोंडून ते शब्द ऐकले. तेव्हाच बोलायला हवं होतं. दुपारी बोलायला हवं होतं. तू काम सोडून गाडीत बसलीस आणि भावोजींनी माझ्या पाया न पडता सामान चढवलं, तेव्हा तरी. मी काय केलं, तर तुझी राहिलेली छत्री धावत आणून दिली. आणि तुला चिडवलं, म्हणाले, बघ, एवढी हुशार आणि छत्री विसरते. तू ती घेतली नाहीस.

ती छत्री मी वापरत नाही. आहे इथंच.

बायकांना सांगायचं म्हणून आज घडीच्या टेबलापर्यंत गेले. उंच बाई चादरीचं टोक धरून उभी होती. म्हणाली, आज फारच गप्प, दात दुखतोय का? मी हो म्हटलं. तिनं मला लवंग दिली. आता मी न दुखणाऱ्या दातात लवंग धरून तुला हे लिहितेय.

दहा तारीख माझ्या डोक्यात आहे. विसरले नाही.


८ एप्रिल

झालं. तुला उंच बाईचा फोन आला असेल, किंवा येईल. हॉटेलच्या मॅनेजरला तिनं काल दुपारीच फोन केला, मी शेजारी उभी होते. म्हणाली, मी तेव्हा चुकीचं बोलले, तिच्यासारखी बाई मिळायची नाही, आणि शंका असेल तर मी स्वतः गाडीत बसून सांगायला येते. त्यानं विचारलं असणार तुम्ही कोण, कारण ती म्हणाली, मी सगळ्यांत उंच. माझी संगत, दुसरं काय.

कसं केलं ते सांगते. टेबलापाशी तोंड उघडेना म्हणून काल सकाळी कामाला निघायच्या आधी सगळ्यांच्या खोलीतच लिहिलं. चाचणीचा पासवर्ड मी बदलला होता, मुकादमानं मागितला म्हणून दिला, धाकटीचा काही दोष नाही, त्या दिवशी मी खोटं बोलले. वर वहीच्या नवव्या पानाचा फोटो लावला. आणि बसून राहिले बघत. खाली पहिला गोल आला, "उ". मग चष्मेवालीचा. मग एकेक करून सगळ्या. नवीन बाईचासुद्धा. सगळ्यांनी वाचलं आणि एकीनंही काही लिहिलं नाही. मोठ्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी त्यातही काहीतरी चावटपणा काढला असता. त्या गोलांशी काय चावटपणा करणार.

लाँड्रीत गेले तर चष्मेवाली दारातच होती. तिची ती दोन बोटं अजून वाकत नाहीत. मला वाटलं, आता ही बोलेल. तिनं तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाली, तो लबाडच आहे, तुला भोळीला गोड बोलून फसवलं. उंच बाई म्हणाली, तू आधी सांगायला हवं होतंस, पण बाई माणूस घाबरतं, आम्हाला कळतं. दुपारपर्यंत सगळा राग मुकादमावर गेला. माझ्यासाठी कुणीतरी चहा आणला, कपात साखर जास्त. मी प्यायले.

आज सगळ्या मिळून हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडं गेल्या, आणि जाळीबरोबर दुसरी तक्रार दिली, की मुकादम बायकांना फसवून त्यांची खाजगी बोलणी वाचतो. जाळी उद्या बसणार आहे. मुकादमाची चौकशी होणार आहे. खाली माझीही सही घेतली. मी केली.

मशीनची मुख्य चावी आता चष्मेवालीकडं आहे. तिला मी तीन दिवस शिकवणार, तू मला शिकवलंस तसं, नववं पान सगळ्यात आधी. तुझं खातं उघडलंय. आत आलीस की आधी पासवर्ड बदल, मला ठाऊक नसेल असा ठेव. चाचणी कायमचं पुसलं. दारावरची पाटी मात्र त्यांनी बदलू दिली नाही. उलट मोठी केली.

हे सगळं वाचून तुला वाटेल, थोरलीनं शेवटी केलं बरोबर. भावोजी कदाचित म्हणतील, जाऊ दे, ती तरी काय, फसली. म्हणून पत्र इथं बंद करत नाही. दोनदा सही करून खोडली.

संध्याकाळी गाडी भरायच्या दारापाशी तो एकटा उभा होता. बायकांनी त्याच्याकडं पाठ फिरवलीय. मला बघून तो एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही तरी खरं सांगायचं."

मी घरी आले आणि लिहायला बसले.

शुक्रवारचं वाचून त्यानं जे केलं ते त्याचं पाप, ते त्याला मी सोडत नाही. पण मागच्या पत्रात तुला लिहिलं, काल बायकांना लिहिलं, आज तक्रारीखाली सही केली, ते खोटं आहे. तो मागं लागला नव्हता. दाखवा की, असं कधी म्हणाला नाही. मीच त्याला म्हटलं होतं, या एकदा आमच्या पानावर, तुमच्यावर काय काय लिहिलंय बघा. तो म्हणाला, नको बाई, बायकांचं तुमचं तुमच्यात राहू दे. दोनदा नको म्हणाला. मी कपड्यांच्या चिठ्ठीमागं पानाचा पत्ता आणि पासवर्ड लिहिला आणि त्याचा कोट खुंटीवर होता त्याच्या खिशात घातला.

माझी कवनं वाचताना त्याचे खांदे हलावेत म्हणून.